प्रथमोपचार पेटीचा अधिकारी कोण?

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील कोणत्याही कारखान्यात गेलात, तर भिंतीला टांगलेली एक पेटी हमखास दिसते. आत कापूस, पट्ट्या, जंतुनाशकाची बाटली. ही पेटी ठेवण्याचे बंधन १९४८ च्या कारखाना कायद्याने घातले, हे बहुतेक मालकांना ठाऊक असते. त्याच कलम ४५ मधील पुढचा भाग मात्र फारसा कोणी वाचलेला नसतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या त्या कलमानुसार दर दीडशे कामगारांमागे किमान एक पेटी, आणि प्रत्येक पेटी एका स्वतंत्र जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असणे आवश्यक होते. या व्यक्तीकडे राज्य शासनाने मान्य केलेले प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र लागे आणि कामाच्या वेळात ती सदैव हाताशी असावी लागे. म्हणजे त्या कायद्याचा रोख पेटीपेक्षा माणसावर अधिक होता. तीन पाळ्या चालत असतील तर एक माणूस पुरणार नाही, हा हिशेब व्यापाऱ्याला कोणी शिकवायला नको.

हे प्रमाणपत्र म्हणजे नेमके काय, याविषयी आपल्या मंडळींत बराच गोंधळ आढळतो. अमेरिकेतील व्यवस्था पाहिली की तो थोडा उलगडतो. तेथे १९७० मध्ये स्थापन झालेली एक राष्ट्रीय नोंदणी संस्था परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. प्रत्यक्ष सेवा करण्याचा परवाना मात्र ज्या त्या राज्याने द्यावयाचा असतो. या शिडीची पहिली पायरी 'इमर्जन्सी मेडिकल रिस्पॉन्डर', म्हणजे रुग्णवाहिका येईपर्यंत जीव टिकवून धरणारा माणूस. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, प्रमाणपत्र ही पत आणि परवाना ही मंजुरी. पत चांगली आहे म्हणून कर्ज आपोआप मंजूर होत नाही.

आपल्याकडे शिडी निराळी आहे. सेंट जॉन ॲम्ब्युलन्ससारख्या संस्थांचे प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र ही सर्वसामान्य माणसाच्या आवाक्यातील पहिली पायरी. त्यावर मुदत असते. तीन वर्षांनी ते नव्याने घ्यावे लागते. त्यापुढे राष्ट्रीय कौशल्य आराखड्यातील 'इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन' हा अभ्यासक्रम. तो रुग्णवाहिकेवर नोकरी करू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी. याहून वर, २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाला (पॅरामेडिक) मान्यताप्राप्त व्यवसायांच्या यादीत बसविले. या कायद्यानुसार पदविका किंवा पदवीसाठी किमान दोन हजार तासांचे शिक्षण हवे, आणि मग राज्य परिषदेच्या नोंदवहीत नाव लागते. ज्या घरात विज्ञान शाखेचा, पण दुकानात न रमणारा मुलगा किंवा मुलगी असेल, त्यांनी या वाटेकडे अवश्य पाहावे. डॉक्टर किंवा सी.ए. याखेरीज तिसरा शब्द आपल्या घरांत क्वचितच उच्चारला जातो!

पालघर जिल्ह्याला या विद्येची गरज अधिक का, हे भूगोलच सांगतो. बोईसरहून चिल्हार फाट्यापर्यंतचा रस्ता, पुढे मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि त्यावरील वाहतूककोंडी. गंभीर रुग्णाला वापी, सिल्वासा किंवा मुंबई गाठावी लागते. २०१४ मध्ये राज्यात सुरू झालेल्या १०८ सेवेच्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो, ही मोठीच सोय. पण ती पोहोचेपर्यंतची मिनिटे कोणाची? हृदय थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते. छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाब देणे हे काम त्या मिनिटांत शेजारी उभा असलेला माणूसच करू शकतो. रसायन डोळ्यांत उडाले तर कोणताही मलम न शोधता किमान पंधरा मिनिटे सतत स्वच्छ पाण्याने डोळे धुवावयाचे. अनेक शहाणी माणसे दोन मिनिटांत थांबतात आणि रिक्षा शोधू लागतात.

प्रशिक्षणातील पहिला धडा मात्र धावून न जाण्याचा आहे. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी तारापूरच्या एका रासायनिक कारखान्यातील स्फोटात आठ जणांचा बळी गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये येथीलच एका औषध कारखान्यात वायुगळतीने चार कामगार दगावले. नायट्रोजनला रंग नाही, वास नाही. तो प्राणवायूची जागा घेतो आणि आत शिरलेला माणूस काही श्वासांतच कोसळतो. सोबत्याला काढायला दुसरा जातो, त्याला काढायला तिसरा. श्वसनसंच नसेल तर बाहेरच थांबावे, गजर करावा, वायूची झडप बंद करवावी. आपला माणूस आत पडलेला दिसत असताना पाय रोखणे सोपे नाही. त्यासाठीच सराव लागतो.

रस्त्यावरील अपघाताच्या बाबतीत 'पोलिसांचे लचांड नको' ही भीती अद्याप गेलेली नाही. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने कलम १३४-अ आणले. अपघातग्रस्ताला सद्भावनेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यावर त्या मदतीतील चुकीबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, आणि नाव सांगण्याची सक्तीही नाही. महामार्गावर पहाटे साधू-साध्वींच्या विहारात सोबत चालणाऱ्या आपल्या तरुणांना हे कलम माहीत असावे. चमकणारी जाकिटे आणि विजेऱ्या त्यांच्याकडे असतात. रक्तस्राव दाबून धरणारा एखादा प्रशिक्षित हातही त्या तुकडीत हवा.

शेवटी व्यवहाराचे बोलू. प्रशिक्षण ठरविताना देणारी संस्था कोणती, प्रमाणपत्र कारखान्याच्या कामी मान्य आहे काय, बाहुलीवर प्रत्येकाकडून सराव करवून घेतात काय, हे आधी विचारावे. चहापाणी, दोन तासांचे भाषण आणि निघताना सर्वांना प्रमाणपत्र, असा प्रकार असेल तर पैसे वाचवावेत. निवड करताना मालकाच्या मुलाचे नाव घालून मोकळे होऊ नये. तो दिवसभर बाजारात असतो. पाळीवरचा सुपरवायझर, गोदामाचा मुनीम, पॅकिंग विभागातील एखादी ताई, अशी जागेवर असणारी माणसे निवडावीत. आणि पेटीच्या झाकणावर त्यांची नावे, पाळी आणि प्रमाणपत्राची मुदत संपण्याची तारीख ठळक अक्षरांत लिहून ठेवावी.