त्र्यंबकेश्वरला माळ घेताय? आधी भोक बघा

माळा बघायला जाताना खिशात १०पट मोठं दाखवणारं भिंग ठेवा. स्फटिक म्हणून काच सर्रास खपवतात. मण्यात गोल बुडबुडा दिसला की काच, विषय संपला!

लालसर अकीक बहुधा गुजरातेतल्या खंभातचा. तिथे दगड भाजून रंग गडद करतात. ती जुनी कारागिरी आहे, फसवणूक नव्हे. भोक दोन्हीकडून पाडलेलं असेल तर आत मधोमध बारीकसा जोड दिसतो.

रुद्राक्षाचे मोठे मणी सहसा नेपाळचे, बारीक इंडोनेशियाचे. पाण्यात बुडवायची परीक्षा मात्र बिनकामाची, अस्सल वाळका मणीही तरंगतो. त्यापेक्षा मुखाची रेघ वरपासून खालपर्यंत सलग आहे का, ते बघा. कोरलेली रेघ भिंगाखाली उघडी पडते. महागडा मणी प्रयोगशाळेच्या दाखल्याशिवाय घेऊ नका.