क्रीडा-प्रतिरूपणातील सांख्यिकीय वास्तवता

छत्रपती संभाजीनगरातील शाळांच्या मागल्या बाकांवर, महाराष्ट्रात अन्यत्र होतो तसाच, ‘बुक क्रिकेट’चा खेळ रंगतो. पुस्तक मध्येच उघडावे व डाव्या पानाच्या क्रमांकाचा अखेरचा अंक पाहावा. शून्य आले की गडी बाद. दोन, चार वा सहा आल्यास तितक्या धावा. आठाचा अर्थ गल्लोगल्ली बदलतो. येथे त्यास धाव नाही असे गृहीत धरले आहे. डावे पान नेहमी समक्रमांकाचे असल्याने पाचच अंक संभवतात. ते सारख्या प्रमाणात आले, तर दर चेंडूस सरासरी २.४ धावा होतात व दर पाच चेंडूंस एक गडी जातो. म्हणजे गड्यामागे १२ धावा आणि संघाचा डाव १२० धावांचा. ही संख्या कोणत्याही शालेय सामन्यात खपून जाईल. परंतु ती अवघ्या ५० चेंडूंत होते, आणि तीत एकेरी धाव एकही नसते. प्रत्यक्ष खेळात तर सर्वांत अधिक वेळा निघते ती एकेरीच. बेरीज जुळली, घडण जुळली नाही.

शिवाय पुस्तकाला सलामीचा फलंदाज व अकरावा गडी सारखेच. हा दोष बेसबॉलच्या अनुकरण-खेळांनी दूर केला. हॅल रिचमन यांच्या ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ (१९६१) या खेळात प्रत्येक खेळाडूची पत्रिका त्याच्या प्रत्यक्ष हंगामातील आकड्यांवरून तयार होते. एक फासा फलंदाजाची पत्रिका वाचावयाची की चेंडूफेक्याची हे ठरवितो; उरलेल्या दोहोंची बेरीज निकाल सांगते. संगणकाने पुढे हेच काम अधिक बारकाईने चालविले.

तथापि पत्रिका कितीही अचूक असली, तरी प्रत्येक फेक मागील फेकीहून स्वतंत्र मानली की एक उणीव राहते. भाषेच्या अभ्यासकास ती परिचित आहे. मार्कोव यांनी १९१३ साली पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’मधील वीस हजार अक्षरे मोजून दाखविले, की स्वर येण्याची शक्यता आधीच्या अक्षरावर अवलंबून असते. निव्वळ वारंवारतेवरून अक्षरे मांडल्यास प्रमाण बरोबर येते, शब्द येत नाही.

क्रिकेटातील उदाहरण पुण्याचे आहे. डिसेंबर १९४८ मध्ये काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ धावा केल्या. त्यांची प्रथम श्रेणीतील सरासरी सुमारे ४८. प्रत्येक धावेगणिक बाद होण्याचा धोका सारखाच धरला, तर अशा फलंदाजास ४४३ चा पल्ला नऊ-दहा हजार डावांत एकदा गाठता येईल. दुर्मिळ खरे, पण अशक्य नव्हे. मात्र त्याच डावात भांडारकरांनीही २०५ धावा काढल्या व दोघांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भर घातली. दोन स्वतंत्र योगायोग एकाच दिवशी जुळून आले असे मानण्यापेक्षा, तीच खेळपट्टी व तीच गोलंदाजी दोघांच्याही वाट्याला आली असे मानणे सयुक्तिक ठरते. चांगल्या प्रतिरूपणात हा समान घटक वेगळा मांडावा लागतो. नाही तर सरासऱ्या बिनचूक येऊनही अशा भागीदाऱ्या वाजवीपेक्षा फारच क्वचित घडतात.

उरतो तो शेवट. निंबाळकर ब्रॅडमन यांच्या ४५२ च्या तत्कालीन विक्रमापासून नऊ धावांवर असताना काठेवाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला. महाराष्ट्राच्या तेव्हा ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या. या निर्णयाची वारंवारता कोणत्याही धावफलकावरून काढता येत नाही, आणि म्हणून ती कोणत्याही पत्रिकेत सापडत नाही.