औषधे आणि जीवनसत्त्वे : परस्परसंबंध

‘औषध कोणतेच चालू नाही, फक्त टॉनिक देतो,’ असे उत्तर आपल्या बऱ्हाणपुरातील पालकांकडून मला नेहमी मिळते. जीवनसत्त्वे, लोह व कॅल्शियम यांची गणना आपण औषधांत करीत नाही. वस्तुतः आतड्यातील शोषण आणि यकृतातील प्रक्रिया यांच्या दृष्टीने हा भेद निरर्थक आहे.

काही औषधांमुळे जीवनसत्त्वांची उणीव निर्माण होते. क्षयरोगावरील आयसोनियाझिड शरीरातील ब-६ जीवनसत्त्व निकामी करते व ते लघवीवाटे निघून जाते. परिणामी हातापायांस मुंग्या येतात, क्वचित तान्ह्या बाळास आकडीही येते. म्हणून बालकांना त्यासोबत पायरिडॉक्सिन, सामान्यतः रोज १० मिलिग्रॅम, दिले जाते. आकडीवरील फेनिटॉइन व फिनोबार्बिटोन यकृतातील विकरे चेतवून ड जीवनसत्त्वाचा नाश वेगाने घडवितात. दीर्घकाळ उपचार घेणाऱ्या मुलांत यातून मुडदूस उद्भवू शकतो. मधुमेहावरील मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्यास ब-१२ घटते.

याउलट, पूरकेही औषधास निष्प्रभ करतात. फॉलिक आम्ल किंवा पायरिडॉक्सिन मोठ्या मात्रेत दिल्यास फेनिटॉइनची रक्तातील पातळी उतरते आणि आटोक्यात आलेली आकडी पुन्हा उद्भवू शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या ॲसिनोकुमारॉलचा परिणाम ‘के’ जीवनसत्त्वाने कमी होतो. हे ‘के’ म्हणजे लिंबू-आवळ्यातील ‘क’ नव्हे, हे रुग्णास आवर्जून समजावावे.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला सर्वाधिक चिंता वाटते ती जन्मजात थायरॉइड-न्यूनता असलेल्या बाळांची. पहिल्या ३ वर्षांतील त्यांच्या मेंदूची वाढ थायरॉक्सिनच्या रोजच्या गोळीवर अवलंबून असते. लोह वा कॅल्शियम त्याच वेळी दिले, तर ते औषधाशी बांधले जाऊन शोषण घटते. बाळ वरकरणी ठीक दिसते, पण गेलेला काळ परत मिळत नाही. दोहोंत किमान ४ तासांचे अंतर ठेवावे. सिप्रोफ्लॉक्सासिन व डॉक्सिसायक्लिन यांच्याबाबतही लोहापासून असेच अंतर आवश्यक आहे. गर्भवती भगिनींनीसुद्धा लोह व कॅल्शियमच्या गोळ्या एकत्र घेऊ नयेत.

डॉक्टर बंधुभगिनींना विनंती, की चिठ्ठीवर टॉनिकचे नाव, मात्रा आणि वेळ औषधांइतक्याच काटेकोरपणे लिहावी. पालकांनी तपासणीस येताना घरातील सर्व बाटल्या व गोळ्या सोबत आणाव्यात. मात्र चालू औषध किंवा पूरक आपल्या मनाने बंद करू नये. बहुतेक वेळी केवळ वेळ बदलूनच काम भागते.