दांत उशिरां येणारीं बालकें

कळमनुरी तालुक्यांतील आखाडा बाळापूर येथें काय वा पुण्यामुंबईंत काय, वर्ष उलटूनही बाळाच्या तोंडाचें बोळकें तसेंच राहिलें कीं घरचीं माणसें धास्तावतात. शेजारणीच्या मुलाशीं तुलना तर ठरलेलीच! वस्तुतः पहिला दांत बहुधा ६ ते १० महिन्यांत निघतो, आणि २० दुधाचे दांत तिसऱ्या वर्षापर्यंत पुरे होतात. घराण्यांतच दांत उशिरां येत असल्यास वर्ष सरल्यावरही कांहीं काळ वाट पाहावी. मात्र १८ महिन्यांपर्यंत एकही दांत न दिसल्यास डॉक्टरांस दाखवावें. मुडदूस वा थायरॉईड ग्रंथीचें मांद्य असल्यास त्यावर उपाय आहेत.

क्वचित् दांतांचे अंकुरच नसतात. सिंधमधील अशा एका हिंदु कुटुंबाची हकीकत डार्विननें १८७५ सालीं नमूद केली: ४ पिढ्यांतील १० पुरुषांना दांत मोजकेच, केस विरळ, त्वचा कोरडी आणि उन्हाळा असह्य. कारण दांतांचें कवच, केस व घामाच्या ग्रंथी गर्भाच्या एकाच बाह्य थरापासून घडतात. तेव्हां मराठवाड्याच्या वैशाखांत दांत नसलेलें मूल घाम न येतां तापानें फणफणलें, तर तो ताप ‘दांतांचा’ म्हणून अंगावर काढूं नये. अंग ओल्या फडक्यानें पुसावें व तत्काळ रुग्णालय गाठावें.