दुसऱ्या स्तनाचा निर्णय

फोंडाघाटासारख्या गावात एखाद्या स्त्रीला स्तनाचा कर्करोग झाला की तिच्या उपचाराचा निर्णय बहुधा गावात होत नाही. घाट चढून कोल्हापूर गाठावे, गोव्यात बांबोळीला जावे, की कणकवलीहून रात्रीची गाडी धरून परळच्या टाटा रुग्णालयात, याचा खल मुंबईतला चाकरमानी दीर किंवा भाऊ करतो. त्या स्त्रीचे मत मान हलवण्यापुरते विचारले जाते. एका स्तनाची शस्त्रक्रिया झाल्यावर, पुढचा धोका टाळण्यासाठी दुसरा निरोगी स्तनही काढावा काय, हा प्रश्न उभा राहतो, तेव्हा मात्र ही रीत चालण्यासारखी नाही.

2013 साली अँजेलिना जोली या अभिनेत्रीने कर्करोग झालेला नसतानाही दोन्ही स्तनांवर अशी शस्त्रक्रिया करून घेतल्याचे जाहीर केले, आणि हा विषय जगभर चर्चेत आला. तिच्या अंगी ‘बीआरसीए-1’ या जनुकातला आनुवंशिक दोष होता, हा तपशील मात्र मागे पडला. सारे मर्म त्यातच आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे पाच ते दहांमध्येच असा वारसा आढळतो. त्यांच्या दुसऱ्या स्तनात वीस वर्षांत रोग उद्भवण्याचा धोका ‘बीआरसीए-1’ बाबत सुमारे 40 टक्के व ‘बीआरसीए-2’ बाबत 26 टक्के असल्याचे 2017 सालच्या एका मोठ्या पाहणीत दिसले. त्यांनी शस्त्रक्रियेचा विचार करणे रास्तच होय. ज्यांच्यात हा वारसा नाही, त्यांचा धोका साधारणपणे वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास वा त्याहून कमी असतो. निरोगी स्तन काढल्याने त्यांचे आयुष्य वाढते, असे दिसून आलेले नाही. पहिल्या रोगाने शरीरात अन्यत्र मूळ धरले असेल, तर ते या शस्त्रक्रियेने उपटले जात नाही.

म्हणून, जिथे वारशाची शंका आहे तिथे जनुकाची तपासणी आधी आणि शस्त्र नंतर. घराण्यातला आजार विचारताना आई, आजी, मावशी आठवतात. आत्या विसरली जाते. वस्तुतः हा दोष बापाकडूनही येतो आणि प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. अंडाशयाचा तर विचारच होत नाही. या दोषामुळे तेथेही कर्करोगाचा धोका वाढतो आणि तो वेळेवर पकडणारी भरवशाची चाचणी नाही. मुले झाल्यावर अंडाशय काढणे हे कित्येकींच्या बाबतीत स्तनापेक्षा निकडीचे ठरते.

‘दरवर्षी तपासणीला घाट कोण चढणार? एकदाच काय ते होऊन जाऊ दे,’ हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. प्रत्येक खेपेस घरातल्या दोन माणसांची मजुरी बुडते. पण रस्त्याच्या लांबीचे उत्तर स्त्रीच्या शरीरातून वसूल करणे हा न्याय नव्हे. वार्षिक तपासणी जिल्ह्यातच हक्काने मिळावी, यासाठी भांडणे अधिक सयुक्तिक.

सगळे कळूनही एखादीला भीतीने रात्र-रात्र झोप लागत नसेल आणि तिने शस्त्रक्रियाच निवडली, तर तो तिचा अधिकार आहे. मात्र ही शस्त्रक्रिया सहसा तातडीची नसते. आधी पहिल्या रोगाचे उपचार पुरे होऊ द्यावेत. मग डॉक्टरांनी तिला एकटीला समोर बसवून विचारावे, आणि तेवढा वेळ दिराने बाहेरच्या बाकावर थांबावे.