निवृत्तीनंतर डोकं चालतं ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

"रोज शब्दकोडं सोडवलं तर विसरण्याचा आजार होणार नाही ना?" निवृत्त बायकांकडून हा प्रश्न हमखास येतो. शब्दकोडं जरूर सोडवा, पण तेवढ्यावर थांबू नका.

अमेरिकेत १९८६ मध्ये डेव्हिड स्नोडन यांनी ६७८ जोगिणींचा अभ्यास सुरू केला. मृत्यूनंतर मेंदू तपासले, तेव्हा काहींच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर होत्या, पण हयातीत त्यांची स्मरणशक्ती उत्तम होती! याचं एक स्पष्टीकरण म्हणजे 'बौद्धिक राखीव साठा'. शिक्षण, काम, माणसांत वावर यातून मेंदूला पर्यायी वाटा सापडतात. एक वाट बंद पडली तर दुसरी चालते.

आपल्याकडे ६० वर्षांवरच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे आणि त्यात बायकांचं प्रमाण जास्त. मुलींची शाळा लवकर सुटणं हे त्यामागचं एक कारण. पण साठा लहानपणीच भरून संपत नाही. प्रौढांना अक्षरओळख देणारी ग्रामशिक्षण मोहीम १९५९ मध्ये सुरू झाली ती साताऱ्यातूनच.

मग शिकायचं काय? 'अ‍ॅक्टिव्ह' या अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात ज्येष्ठांना स्मरण, तर्क किंवा वेग यांपैकी एकाचा सराव दिला. ज्याचा सराव केला, मुख्यतः तेच सुधारलं. म्हणजे सुडोकू रोज सोडवलं की माणूस सुडोकूत तरबेज होतो. म्हणून काम नवं हवं, थोडं अवघड हवं आणि शक्यतो चारचौघींत हवं. भजनी मंडळात पाठ असलेल्या अभंगांऐवजी नवा अभंग किंवा पेटी शिका. बचत गटाचा हिशेब स्वतः लिहा. सांगली तर बुद्धिबळाचं गाव, नातीकडून डाव शिकायला काय हरकत आहे? साताऱ्यात असाल तर मैत्रिणींसोबत अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर चाला.

याच्याच जोडीला कान, डोळे, बीपी आणि शुगर तपासा. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार, बदलता येण्यासारखी १४ कारणं हाताळली तर जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येऊ शकतो. ऐकू कमी येणं आणि एकटेपणा त्या यादीत आहेत.

खरी अडचण वेळेची आहे. बाई ऑफिसातून रिटायर होते, स्वयंपाकघरातून नाही. नातवंडं, औषधं, पाहुणे यांत दिवस संपतो. त्यामुळे घरच्यांनो, आईला कोड्यांचं पुस्तक देण्याआधी रोजचा एक तास मोकळा करून द्या.

आणि ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, पैशांचा हिशेब अचानक न जमणं असं काही दिसलं, तर "वयच झालंय" म्हणून सोडू नका. डॉक्टरांना दाखवा.