गिअर ऑइलची निवड (मॅन्युअल गिअरबॉक्स)

गिअर ऑइल हे मोटारगाडीच्या गिअरबॉक्समधील दंतचक्रे, बेअरिंग व सिंक्रोनायझर यांना वंगण पुरवणारे तेल आहे. ते झीज कमी करते, उष्णता वाहून नेते आणि धातूचे गंजण्यापासून रक्षण करते. त्याची निवड प्रामुख्याने श्यानता व सेवाश्रेणी या दोन निकषांवर केली जाते.

श्यानता

श्यानता म्हणजे तेलाचा दाटपणा. ‘७५डब्ल्यू-९०’ या क्रमांकाचा पहिला भाग थंडीतील, तर दुसरा भाग १०० अंश सेल्सियस तापमानातील श्यानता दर्शवतो. ७५डब्ल्यू तेलाची चाचणी उणे ४० अंशांवर, तर ८०डब्ल्यू तेलाची उणे २६ अंशांवर घेतली जाते. लडाखच्या हिवाळ्यात हा फरक महत्त्वाचा असतो. कोकणातील हवामानात त्याचे महत्त्व कमी असते. इंजिन ऑइलची मोजपट्टी निराळी असल्याने दोहोंच्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. ९० क्रमांकाचे गिअर ऑइल गरम असताना साधारणतः ४० ते ५० क्रमांकाच्या इंजिन ऑइलइतकेच दाट असते.

सेवाश्रेणी

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या श्रेणींपैकी जीएल-४ व जीएल-५ या विशेष प्रचलित आहेत. जीएल-५ ही जीएल-४ची सुधारित आवृत्ती आहे, हा समज चुकीचा आहे. जीएल-५ तेल मुख्यत्वे मागील आसावरील डिफरन्शियलच्या हायपॉईड दंतचक्रांसाठी असते. तेथे दात एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घसरत असल्याने तेलात गंधक-फॉस्फरसयुक्त पूरके अधिक प्रमाणात मिसळलेली असतात.

गिअर बदलताना सिंक्रोनायझरची कडी घर्षणाच्या साहाय्याने दोन भागांचा वेग समान करते. तेल अतिनिसरडे असल्यास हे घर्षण अपुरे पडते. गिअर अडकतो किंवा खरखरतो. शिवाय अनेक गाड्यांत ही कडी पितळेची असते व काही जीएल-५ तेलांतील गंधकयुक्त पूरके पितळेस अपायकारक ठरू शकतात. अशा झिजेच्या दुरुस्तीसाठी संपूर्ण गिअरबॉक्स उघडावा लागतो. उलटपक्षी, हायपॉईड डिफरन्शियलमध्ये जीएल-४ तेल वापरल्यास दातांना पुरेसे संरक्षण मिळत नाही.

निवड

काही गिअरबॉक्ससाठी उत्पादक जीएल-५ तेल, स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल किंवा इंजिन ऑइलही सुचवतात. त्यामुळे वाहनासोबतच्या माहितीपुस्तिकेत दिलेली श्यानता, श्रेणी व प्रमाण हाच निवडीचा अंतिम आधार असतो.